धुळ्याचे अठरा रविवार

प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावर ‘छंद’ असा एक रकाना असतो. जून-जुलैत मी प्रवेशाच्या खिडकीशी बसतो. मुलं बाकीचा अर्ज भराभर भरतात. आधार क्रमांक न पाहता लिहितात, उत्पन्नाच्या दाखल्याची तारीखसुद्धा त्यांना पाठ असते. या एका रकान्यापाशी मात्र पेन थांबतं. यंदा एका मुलीनं विचारलं, “सर, इथं काय लिहू?” मी म्हटलं, तुला जे करायला आवडतं ते लिही. ती विचार करत राहिली. मागं रांग होती, कुणीतरी घाई करत होतं. शेवटी तिनं शेजारणीच्या अर्जात डोकावून ‘वाचन’ असं लिहिलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

ती खोटं लिहीत होती असं मी म्हणणार नाही. वाचायला तिला आवडेलही. पण आपल्याला काय आवडतं हे कळायलासुद्धा थोडा रिकामा वेळ मिळावा लागतो, आणि अठरा वर्षांत तो तिच्या वाट्याला आलेला नव्हता. त्या दिवसापासून तो रकाना माझ्या डोक्यातून जात नाही.

मी जळगाव जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. वर्गातली बरीच मुलं अप-डाऊन करणारी. कॉलेजच्या धबडग्यात स्वतःसाठी वेळ कसा काढायचा, या विषयावर आमच्याकडे दरवर्षी एखादं तरी व्याख्यान होतं. वक्ते मनापासून बोलतात. पहाटे चारला उठा, दिवसाचे तास कागदावर मांडा, मोबाईल दूर ठेवा, आठवड्याला एक पुस्तक संपवा. समोर बसलेली मुलगी त्या दिवशीही साडेचारलाच उठलेली असते, कारण नळाला पाणी पहाटे येतं आणि ते भरल्याशिवाय तिला घराबाहेर पडता येत नाही. तिला आणखी लवकर उठायला सांगणं हा मला अन्याय वाटतो. नियोजनाचा सल्ला ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याला द्यावा. आमच्या मुलांचा वेळ एसटीच्या, शेताच्या आणि घराच्या हातात असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की स्वतःच्या वाढीसाठी लागणारा वेळ मुलांनी एकट्यानं, झोप मोडून कमवायचा नाही. तो कॉलेजनं द्यायचा, भर दिवसा, वेळापत्रकात छापून. आणि त्या बदल्यात हजेरी, गुण, प्रमाणपत्र यांतलं काहीच मागायचं नाही. फार नको, आठवड्याला एक तास पुरे.

या मागणीमागचा हिशेब आधी मांडतो. पारोळा किंवा चोपडा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातला मुलगा घ्या. पावणेसातची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. भाड्याचा एक तृतीयांश भरून एसटीचा विद्यार्थी पास मिळतो, त्या पासावरच त्याचं शिक्षण उभं आहे, त्यामुळे दुसरी वाहनं त्याला परवडत नाहीत. आठ ते एक कॉलेज. परतीची गाडी दीडची, येते अडीचला. घरी पोचेपर्यंत साडेतीन. जाणं, येणं आणि स्टँडवरचं थांबणं मिळून दिवसाचे कमीत कमी तीन तास धरले, तर सहा दिवसांचे अठरा होतात. आता अभ्यासक्रम बघा. नव्या शैक्षणिक धोरणानं सत्राला साधारण २२ क्रेडिट ठरवले. वर्गात शिकवायच्या विषयाचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. सगळे मिळून ३३०, म्हणजे पंधरा आठवड्यांत आठवड्याला २२ तास. प्रात्यक्षिकाचा क्रेडिट ३० तासांचा असतो, म्हणून सायन्सच्या मुलांचे तास आणखी वाढतात. मुलगा वर्गात जेवढा बसतो, जवळजवळ तेवढाच वेळ तो रस्त्यावर आणि स्टँडवर असतो. हे कुठल्याच वेळापत्रकात दिसत नाही.

घरी पोचल्यावर वावर आहेच. आमच्याकडे पहिल्या सत्राची परीक्षा आणि कापूस वेचणी एकमेकांच्या अंगावर येतात. दिवाळीच्या आगेमागे माझ्या वर्गातल्या मुलींची बोटं बोंडांच्या टोकांनी सोललेली असतात, त्याच बोटांनी त्या तीन तासांचा पेपर लिहितात. रावेर-यावलकडची मुलं केळीच्या गाड्या भरायला जातात. जळगावात शिकणारी काही मुलं एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी वर्गात येतात. लग्नसराईत वाढप्याचं काम तर गावोगाव मिळतं.

तरीही मुलांकडे वेळच नाही असं मी म्हणत नाही. वेळ आहे, पण तो फुटलेला आहे. अर्धा तास स्टँडवर, वीस मिनिटं दोन तासांच्या मध्ये, चाळीस मिनिटं गाडीत दांडीला धरून. अशा तुकड्यांत माणूस काय करणार? मोबाईल काढतो. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि हे सगळे तुकडे त्यानं भरून टाकले. अर्ध्या मिनिटाची रील त्या तुकड्यांच्याच मापाची असते. मुलांना त्यावरून बोल लावण्यात मला रस नाही. स्टँडच्या कलकलाटात, गाडी कधीही येईल या धास्तीत, कुणीही दुसरं काही करू शकलं नसतं. मीही त्याच बाकावर बसून तेच करतो. सुरांशी किंवा कवितेशी ओळख व्हायला, एखादं गणित स्वतःच्या हौसेनं सोडवायला सलग वेळ लागतो. पहिली वीस मिनिटं तर नुसतं मन बसायलाच जातात.

इथं कुणीतरी हमखास बहिणाबाईंचं नाव काढतं. आमच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव मिळालं, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमात त्यांचा उल्लेख होतो आणि व्हायलाच हवा. पण “बहिणाबाईंना कुठं वेळ होता? तरी त्यांनी एवढी गाणी रचलीच ना?” हे वाक्य मुलांना लाजवण्यासाठी वापरलं जातं तेव्हा मला त्रास होतो. असोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं होती, घर आणि शेत दोन्ही ओढायचं होतं. त्या कष्टांचं कौतुक करून कुणाला काही शिकवता येणार नाही. पण त्या कामांकडे नीट पाहिलं तर एक फरक दिसतो. जातं ओढताना हात गुंतलेले असतात आणि डोकं मोकळं असतं. जात्याला स्वतःची लय असते, तिच्यावर शब्द चढतो. निंदणी, खुरपणी, पेरणी, सगळ्यांत मनाला हिंडायला जागा होती. आजच्या मुलाचं उलट झालंय. गाडीत त्याचे हात मोकळे असतात आणि मन दुसऱ्यानं व्यापलेलं असतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. बहिणाबाई गात गेल्या, पण ती गाणी आज आपल्याजवळ आहेत ती कुणीतरी जवळ बसून टिपून घेतली म्हणून. मुलगा सोपानदेव आणि एक जवळचा नातेवाईक यांनी ती उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी, आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं, गाणी छापून आली. म्हणजे आई निरक्षर, मुलगा शिकलेला आणि स्वतः कवी. शिक्षणानं त्या घराला नोकरीपलीकडे काय दिलं, तर आई काय गुणगुणते तिकडे कान देऊन बसण्याची फुरसत आणि ते मोलाचं आहे ही जाण. माझ्या वर्गातली पुष्कळ मुलं आज सोपानदेवांच्या जागी उभी आहेत. घरात कॉलेजला गेलेली पहिली पिढी ती. आजीच्या तोंडी खानदेशातल्या सणांची, म्हणजे कानबाईची, गुलाबाईची, आखाजीच्या झोक्याची गाणी आहेत आणि घरात लिहिता येणारं हे एकच पोर. त्याला ऐकायला एक तास मिळाला नाही, तर आणखी दहा वर्षांनी त्या घरात विचारायलाही कुणी उरणार नाही. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या कोरड्या शब्दात हे नुकसान बसत नाही.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण इथं आमच्या चांगल्या हेतूंचाही उपयोग होत नाही. वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेवलं, असं आम्ही अभिमानानं सांगतो. त्याचा लाभ गावात राहणाऱ्या मुलांना होतो. दुपारची गाडी गेली की मुलीचा दिवस कॉलेजपुरता संपतो. ती थांबली तर घरी चार प्रश्न विचारले जातात आणि पाचव्या प्रश्नाला कॉलेजच बंद होतं. घरी गेल्यावर भाकरी, भांडी, धाकट्या भावाचा अभ्यास. तिच्या भावाला संध्याकाळी पारावर बसता येतं, मैदानावर क्रिकेट खेळता येतं, त्यात कुणाला काही खटकत नाही. मुलीच्या हाती रिकामा वेळ दिसला की घरातलं काम तिला शोधत येतं. एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं होतं, “घरी मी पुस्तक घेऊन बसले की आई म्हणते, अभ्यास झाला असेल तर कणीक मळ.” म्हणून गोष्टीचं पुस्तक ती अभ्यासाच्या वहीत लपवून वाचायची. तिला मिळू शकणारा एकमेव सुरक्षित रिकामा तास म्हणजे सकाळी आठ ते दुपारी एक यांच्या मधला, कॉलेजच्या आवारातला. म्हणूनच मी वेळापत्रकाचा हट्ट धरतो. ‘कॉलेज सुटल्यावर’ असं म्हटलं की निम्मा वर्ग आपोआप वगळला जातो.

आता दुसरी बाजू. ती मी हलकी धरत नाही. एका मुलाच्या वडिलांनी एकदा मला स्टाफरूमच्या दारात गाठलं. मुलगा अभ्यासिकेत न जाता ग्रंथालयात कादंबऱ्या वाचतो, अशी त्यांची तक्रार होती. “सर, पोऱ्याले आधी नोकरी लागू द्या. मंग काय वाचाचं ते वाचीन तो.” चार एकर कोरडवाहू, दोन वर्षं कापसाला भाव नाही, मुलीचं लग्न समोर. त्यांना मी काय उत्तर देणार होतो? छंदानं पोट भरत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

पण अभ्यासिकांकडे जरा बघू या. गेल्या काही वर्षांत धुळे, जळगाव, नंदुरबारच नाही, तर अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा अशा गावांतही अभ्यासिका उभ्या राहिल्या. लाकडी फळ्यांचे कप्पे, वर पंखा, समोर भिंतीला चिकटवलेला अभ्यासक्रम. सार्वजनिक वाचनालयांतही टेबलं स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांनी भरलेली असतात आणि मागची कपाटं बंद. मुलं दहा-दहा तास वाचतात. त्या दहा तासांत स्वतःला वाटलं म्हणून वाचलेलं एक पानही नसतं. जागा मोजक्या, बसणारे अनेक. बहुतेकांना यश मिळणार नाही, हे साधं गणित आहे. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी तो मुलगा अभ्यासिकेतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्याजवळ काय असतं? चालू घडामोडी शिळ्या झालेल्या असतात. एखादं वाद्य, एखादी भाषा, झाडांची ओळख, दोन माणसांत बसून बोलण्याची सवय, यांतलं काही त्यानं जवळ केलेलं नसतं, कारण प्रत्येक गोष्ट त्यानं ‘निकालानंतर’ म्हणून ठेवलेली होती. मी अशी मुलं पाहिली आहेत. ती गावात परत येतात आणि कुणाकडे बघत नाहीत. परीक्षेतली हार कुणालाही पचवता येते. पण परीक्षेपलीकडे आपण कुणीच नाही असं वाटायला लागलं की माणूस आतून मोडतो. त्या वडिलांना मी शेवटी एवढंच म्हणालो की भाऊ, आठवड्यातला एक तास मला द्या, बाकीचे सगळे तुमचे. ते हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

आठवड्याला एक तास, यावर मी अडून बसतो त्याला एक कारण धुळ्याचं आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी, त्यांनी तिथल्या कैद्यांपुढे गीतेवर प्रवचन केलं. एका रविवारी एक अध्याय. अठरा अध्याय, अठरा रविवार. श्रोत्यांत साने गुरुजी होते, त्यांनी ते शब्द लिहून घेतले, म्हणून ते पुढे सगळ्या भारतभर पोचले. बाकीचे सहा दिवस तुरुंगाचे होते, कामं होती, बंधनं होती. त्या प्रवचनांना ना परीक्षा होती ना प्रमाणपत्र. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, तेही तुरुंगात. आणि कॉलेजचं एक सत्र किती आठवड्यांचं असतं? पंधरा ते अठरा.

मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी कॅलेंडर काढून ते रविवार मोजले. बरोबर अठरा भरले, एकही खाडा नाही. ही गोष्ट मी मुलांना सांगतो ती गीतेसाठी नाही, त्या वाराच्या नेमासाठी. स्वतःच्या वाढीला दिवसाचे चार तास लागतात ही समजूत चुकीची आहे. लागतो तो न चुकणारा वार. मंगळवारी पाच मिनिटं, शुक्रवारी दहा, पुढचा आठवडा काहीच नाही, यानं काही उभं राहत नाही. ठरलेला तास असला की मन त्याच्या आदल्या दिवसापासूनच तिकडे वळायला लागतं.

साने गुरुजींचं आणखी एक उदाहरण आमच्या घराजवळचं आहे. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृह सांभाळायचे. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज. दिवसभर शिकवून, पोरांची आजारपणं काढून, रात्री हातानं लिहायचं. आज कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी आम्ही मुलांच्या मागं लागतो आणि फेब्रुवारीत कविता इंटरनेटवरून उतरवलेल्या निघतात. तिथं रोज लिहिणारा शिक्षक समोर होता, म्हणून मुलं वाचत होती. मी म्हणतो त्या तासाला शिक्षकानंही स्वतःचं काहीतरी करत बसलं पाहिजे, देखरेख करत नाही. आणि तो तास त्याच्या कार्यभारात धरला गेला पाहिजे, नाहीतर चार महिन्यांत तो विरून जाईल.

नव्या धोरणात हे सगळं आहेच की, असं मला सहकारी सांगतात. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला ते लागू झालं. कला, क्रीडा, योग, राष्ट्रीय सेवा योजना अशा गोष्टींना आता क्रेडिट मिळतात, मुलं त्याला ‘सीसी’ (को-करिक्युलर) म्हणतात. याचा फायदा झाला हे मी मान्य करतो. ज्या घरात नाच-गाण्याला नाक मुरडायचे तिथं ‘याला मार्क आहेत’ म्हटल्यावर परवानगी मिळते. राष्ट्रीय सेवा योजनेचं तर माझ्या मनात मोठं स्थान आहे. १९६९ पासून चालू असलेली ही योजना वर्षाला १२० तास काम मागते, आणि तिच्या सात दिवसांच्या शिबिरात कितीतरी मुलं आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर झोपली, चारचौघांत बोलली. पण गुण आले की मोजणी येते, मोजणी आली की पुरावा येतो. दर उपक्रमाचा अहवाल, सह्यांचा कागद, जिओटॅग फोटो. परवा एक मुलगा सीसीची फाईल घेऊन आला. तबल्यावर पंधरा पानं लिहिली होती, ताल, मात्रा, घराणी, सगळं व्यवस्थित. मी विचारलं, तबल्याला हात लावलास का? म्हणाला, “नाही सर, आपल्याकडे एकच जोडी आहे. फाईल पूर्ण करायची होती.” त्यानं मागितलं तसं दिलं. दोष मागणाऱ्यांचा आहे.

विद्यापीठाचा ‘युवारंग’ महोत्सव मला आवडतो. महिनाभर आवार गाण्यांनी भरून जातं. पण त्यात कॉलेजची निवडक मुलं उतरतात आणि त्यांची नजर पारितोषिकावर असते. जिचा आवाज चांगला नाही पण जिला गावंसं वाटतं, ती मुलगी कुठं जाणार? तिच्यासाठी आपल्या व्यवस्थेत जागा नाही. आपल्याला चांगलं येतं तेच करावं, हा दंडक शाळेपासून मुलांच्या मनात बसतो आणि तो मोडण्यासाठी एक बिनगुणांचा तास लागतो.

दूर जायचीही गरज नाही, हे तर मला फार टोचतं. चाळीसगावहून रोज रेल्वेनं अप-डाऊन करणाऱ्या मुलांना स्टेशनाजवळच केकी मूस यांचं घर आहे हे माहीत नसतं. घरातल्याच साध्या वस्तू टेबलावर मांडून त्यातून डोंगर-दऱ्यांची दृश्यं उभी करणारा आणि त्यांची छायाचित्रं काढणारा हा कलावंत आयुष्यातली कित्येक दशकं त्या घराबाहेर क्वचितच पडला. तिथून वीसेक किलोमीटरवर पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यानं मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. गणितात बीएस्सी करणारी मुलं पाटणादेवीला नवस फेडायला जातात आणि शिलालेखाची गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर. ही दारं बंद नाहीत. तिकडे वळायला मोकळी दुपार लागते.

मागच्या वर्षी दुसऱ्या सत्रात आम्ही आमच्या विभागापुरता हा प्रयोग केला. बुधवारचा चौथा तास रिकामा ठेवला. ग्रंथपालांनी त्या एका तासापुरती कपाटं उघडी केली. एरवी मुलांनी खिडकीतून चिठ्ठी द्यायची आणि खिडकीतूनच पुस्तक घ्यायचं. पुस्तकांच्या रांगांमधून हात फिरवत चालायला मिळणं हीच अनेकांना नवलाई होती. मैदान, नाट्यछंदाची खोली आणि कडुनिंबाखालचा पार मोकळा होता. काय करायचं ते सांगितलं नाही.

पहिल्या बुधवारी एकतीस जण आले. दुसऱ्या बुधवारी बावीस, तिसऱ्या बुधवारी नऊ. बाकीचे कँटीनला किंवा सरळ स्टँडवर. मला वाईट वाटलं, तास बंद करावा असंही मनात आलं. ग्रंथपाल म्हणाले, नऊ तर आहेत. सत्र संपताना चौदा झाले होते. दोन मुली मैदानावर सायकल शिकल्या. एकोणिसाव्या वर्षी, पहिल्यांदा, गावातल्या कुणी पाहायच्या भीतीशिवाय. एक मुलगा पारावर बहुतेक बुधवारी झोपायचा, रात्री केटरिंगला जायचा तो. त्या तासात त्याला झोप मिळाली याचंही मला समाधान आहे. एकानं इतिहासाच्या कपाटात पाटण्याच्या शिलालेखाबद्दल वाचलं आणि दोन मित्रांना घेऊन तो जाऊन पाहून आला, पाऊस नव्हता, उन्हात, मोटारसायकलवर. अक्षरं काही वाचता आली नाहीत, पण हात लावून बघितला म्हणाला.

आणि एक मुलगी आजीकडून कानबाईची गाणी लिहून आणायला लागली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटाचा स्वयंपाक होतो, रात्रभर बायका गातात. ती रात्र या मुलीनं दरवर्षी पाहिलेली, पण गाणी कधी लिहावीत असं वाटलं नव्हतं. आजी घरी सांगायची, ही कच्चं लिहून आणायची आणि बुधवारी बसून पक्कं करायची. तिसऱ्या-चौथ्या बुधवारी ती माझ्याकडे आली. “सर, आजी ‘डोया’ म्हणते. मी ‘डोळा’ लिहू का?” अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशच्या बोलीत, ळ नसतो, तिथं य येतो, हे मी वर्गात भाषाविज्ञान शिकवताना फळ्यावर लिहिलेलं होतं. तेव्हा तिनं ते परीक्षेपुरतं उतरवून घेतलं असणार. आता तो प्रश्न तिचा झाला होता. मी म्हटलं, आजी म्हणते तसंच लिही. तिनं मग सगळी वही पुन्हा सुरुवातीपासून तपासली, कारण आधीच्या गाण्यांत तिनं नकळत आजीची भाषा दुरुस्त केली होती. पुढे तिच्या मावशीच्या गावची तीच गाणी थोडी निराळी आहेत हेही तिच्या लक्षात आलं, आणि तिनं दोन्ही समोरासमोर लिहिली. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांनी मला विचारलेल्या प्रश्नांत ‘डोया’चा प्रश्न मला सगळ्यांत वरचा वाटतो. त्याला क्रेडिट नव्हते.

पंधरा बुधवारांत तिची वही अर्धी भरली. उन्हाळ्यात आजी आजारी होती, लिहिणं थांबलं. परवा ती मला स्टँडवर भेटली. आजी बरी आहे म्हणाली, आणि अंथरुणात पडल्या पडल्या तिला जुनी दोन गाणी आठवली आहेत, लग्नाआधी माहेरी म्हणायची ती. पण घरी लिहायला बसता येत नाही. “सर, यंदा बुधवारचा तास आहे ना?”

नव्या सत्राचं वेळापत्रक माझ्या टेबलावर आहे, अजून पेन्सिलीतलं. एका विषयाला तास कमी पडतोय आणि बुधवारचा चौथा चौकोन मोकळा दिसतो म्हणून सगळ्यांची नजर तिकडे जाते. उद्याच्या बैठकीत मी तो पेनानं भरणार आहे. त्यात कुठल्या विषयाचं नाव लिहायचं नाही.